फुटकं खोकं फुटकंच ठेवायचं

एबेन वॉलेस नावाचा शेतकरी आपल्या गोठ्यात गळफासाला लटकलेला आहे. पायांखाली लाकडी खोकं आहे आणि त्या खोक्याची वरची फळी मोडून आत गेली आहे. तारीख १५ जुलै १९३९. बायकोची जबानी अशी, की नवरा तिरसट होता. मनासारखं झालं नाही की उठून गोठ्यात जायचा, बादली उपडी करून तिच्यावर चढायचा, फास गळ्यात अडकवायचा आणि जीव देतो म्हणून ओरडायचा. मग तिने मनधरणी करायची आणि त्याने खाली उतरायचं, हा नेहमीचा प्रकार. त्या दिवशी बादली पंपापाशी राहिली होती, म्हणून त्याने खोकं ओढलं.

हा अख्खा गोठा एका टेबलावर मावतो. एबेन ही बाहुली आहे, खोकं काडेपेटीपेक्षा फार मोठं नाही, आणि सगळं काही एका फुटाला एक इंच या मापात केलेलं आहे. बाहुलीघरांच्या दुनियेत हेच माप सगळ्यात जास्त चालतं. आता असं समजा, की हा गोठा दुरुस्तीसाठी कोणाच्या तरी टेबलावर आला आहे. धूळ बसली आहे, रंग उडाला आहे, लाकडाचे सांधे सुटले आहेत. कारागीर हाताचा चांगला आहे आणि नीटनेटका आहे. मोडकी फळी दिसली की त्याचा हात आपसूक सरसाकडे जाणार. त्याने ती फळी चिकटवली की बायकोची जबानी खोटी पडते आणि एका अपघाताचा खून होऊन बसतो.

बाहुलीघराच्या आतल्या दुरुस्तीवर लिहायचं ठरवलं तेव्हा पुष्कळ राजेशाही घरं डोळ्यांपुढे होती. त्यांच्याकडे नंतर येऊ. पण दुरुस्तीचा खरा पेच जसा या अमेरिकन गोठ्यात दिसतो तसा मला दुसरीकडे कुठे दिसला नाही.

हा गोठा आणि त्याच्यासारखी आणखी घरं करवून घेणारी बाई फ्रान्सिस ग्लेसनर ली. जन्म १८७८, शिकागोत. वडील शेतीयंत्रांच्या धंद्यातले मोठे भागीदार, त्यामुळे पैशाला तोटा नव्हता. भाऊ हार्वर्डला गेला, हिला मात्र कॉलेजचं तोंड पाहू दिलं नाही. श्रीमंताघरच्या मुलीने शिकायच्या त्या गोष्टी ती शिकली: शिवण, विणकाम, सजावट, आल्यागेल्याची सरबराई. १९१३ साली तिने आईला वाढदिवसाची भेट म्हणून शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रा छोट्या आकारात करून दिला, नव्वद वादकांसकट. हात तेव्हापासूनच तयार होता.

भावाच्या मित्रांपैकी जॉर्ज बर्जेस मॅग्रॅथ हा बॉस्टनचा वैद्यकीय तपासणी अधिकारी. संशयास्पद मृत्यूंच्या त्याने सांगितलेल्या हकिकतींनी तिला भारून टाकलं. त्या काळी अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मृत्यूची चौकशी कोरोनर करायचा. तो निवडून आलेला असायचा, वैद्यकाचं शिक्षण असण्याची सक्ती नव्हती. (कोरोनर हा शब्द जुन्या मुंबईकरांना नवा नाही. १८७१च्या कायद्याने आलेलं हे पद मुंबईत १९९९पर्यंत होतं.) पोलीस घटनास्थळी पोचायचे आणि रक्तातून बूट घालून चालायचे, हत्यार उचलून बघायचे, प्रेत हलवायचे. लीबाईंनी १९३१पासून हार्वर्डमध्ये न्यायवैद्यक विभाग उभा करायला पैसा दिला. १९४३मध्ये न्यू हॅम्पशरच्या राज्य पोलिसांनी त्यांना कॅप्टन केलं, तेव्हा त्या पासष्टीच्या होत्या. १९४५पासून पोलिसांसाठी त्यांची आठवडाभराची शिबिरं सुरू झाली.

शिकवायचं कसं, हा प्रश्न होता. खरं घटनास्थळ वर्गात आणता येत नाही आणि फोटोत बघणाऱ्याची नजर फोटोग्राफरने ठरवलेली असते. म्हणून बाईंनी घरं बांधली. 'नटशेल स्टडीज ऑफ अनएक्स्प्लेन्ड डेथ' हे त्या मालिकेचं नाव. न्यू हॅम्पशरमधल्या त्यांच्या इस्टेटीवर राल्फ मोशर या सुताराने लाकूडकाम केलं, बाकीचं बहुतेक बाईंनी स्वतः. टाचणीएवढ्या सुयांवर मोजे विणले. खरी तंबाखू भरून सिगारेटी वळल्या आणि त्यांची टोकं जाळली. खिडकीचे पडदे वरखाली होतात, उंदराचा चाप खरोखर मिटतो. जळालेली झोपडी हवी होती तेव्हा ती आधी बांधली आणि मग ज्योत लावून जाळली. शिबिरात प्रत्येकाला एक टॉर्च, एक भिंग आणि दीड तास. हात लावायचा नाही, फक्त बघायचं आणि काय दिसलं ते सांगायचं. आपल्याकडे फौजदाराने पंचांसमक्ष करायचा जो पंचनामा, तोच इथे काचेबाहेर उभं राहून करायचा.

इथे प्रत्येक डागाला अर्थ आहे. 'किचन' नावाच्या घरात एप्रिल १९४४मधली बार्बरा बार्न्स स्वयंपाकघराच्या जमिनीवर पडली आहे. गॅसचे बर्नर उघडे, दारांच्या फटींत वर्तमानपत्रं कोंबलेली, ओव्हनमध्ये 'पाय' हा भाजका पदार्थ, सोलायला घेतलेले बटाटे, इस्त्रीचा फळा. त्या काळच्या घरगुती गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असायचा आणि त्याने मेलेल्या माणसाची कातडी गुलाबी लाल दिसते. बाहुल्यांच्या कातडीचे रंग बाईंनी शरीरशास्त्र बघून लावले होते. रक्त खाली साकळून कातडी जांभळट कुठे व्हावी, अंग ताठ झाल्यावर पाय कसे राहावेत, सगळं ठरवून. तेव्हा उजेडाने तो गुलाबी रंग विटला, तर एका बाहुलीचे गाल फिके झाले एवढ्यावर ते थांबत नाही. मृत्यूचं कारणच पुसलं जातं.

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात हार्वर्डने तो विभाग बंद केला. बाई १९६२लाच गेल्या होत्या. अठरा घरं बाल्टिमोरला मेरीलँड राज्याच्या मुख्य वैद्यकीय तपासणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात आली आणि तिथे ती कामालाच लागली. खून-तपासाची शिबिरं चालू राहिली. म्हणजे ही संग्रहालयातली वस्तू नव्हे, शाळेतली पाटी आहे. वापरून झिजते. वर दिव्यांची उष्णता, बाल्टिमोरचा दमट उन्हाळा, आणि एका घरात दाटीवाटीने लाकूड, लोकर, कागद, प्लास्टर, मेण, चिनीमाती, धातू आणि प्लॅस्टिक. हवेतली ओल वाढली-घटली की यांतली प्रत्येक वस्तू आपापल्या गतीने फुगते आणि आक्रसते. त्यांना एकमेकांशी बांधणारा सरस मधल्या मधे तडकतो.

२०१७च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या रेनविक गॅलरीत या घरांचं प्रदर्शन भरायचं होतं. अठरा घरं बाल्टिमोरची आणि एकोणिसावं न्यू हॅम्पशरमध्ये पुढे सापडलेलं. त्याआधी त्यांची दुरुस्ती स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेच्या संवर्धक एरियल ओ'कॉनर यांच्याकडे आली. संवर्धक म्हणजे वस्तू नवी करणारा नव्हे, आहे ती टिकवणारा. पण इथे 'आहे ती' म्हणजे कुठली? बाईंनी ठेवली होती ती, की सत्तर वर्षांनी उरली ती?

एक साधी गोष्ट घ्या. खोलीत खुर्ची आडवी पडली आहे. बाईंनी ती झटापटीची खूण म्हणून आडवी ठेवली असेल, किंवा बॉस्टन ते बाल्टिमोर प्रवासात ती पडली असेल. उभी करावी की पडू द्यावी? अशा वेळी दुरुस्ती करणारा माणूसच तपासनीस होतो. आधी जुने फोटो. या घरांचे वेगवेगळ्या काळातले फोटो आहेत, कोरिन मे बॉट्झ या छायाचित्रकर्तीचं २००४चं पुस्तक तर पूर्ण त्यांच्यावरच आहे. फोटो नसेल तर भिंग घेऊन जमिनीकडे बघायचं. वस्तू पुष्कळ वर्षं एका जागी असली की तिच्याखाली धूळ बसत नाही आणि उजेडही पोचत नाही, तेवढा तुकडा मूळ रंगाचा राहतो. खुर्चीच्या चार पायांचे चार गडद ठिपके सापडले तर ती उभी होती. गोंदाचा पिवळा थेंब कुठे आहे ते बघायचं, कारण जिथे वस्तू मुद्दाम बसवली तिथेच गोंद असणार. आणि गोंद दोन तऱ्हांचा निघाला तर मधे कोणीतरी आधीच दुरुस्ती करून गेलेलं आहे, आणि त्याने वस्तू बरोबर जागी ठेवली असेलच असं नाही.

धूळ काढणं हेही वाटतं तितकं सरळ नाही. बंद झोपडीत, पोटमाळ्यावर किंवा गोठ्यात जळमटं आणि मळ हवाच, तो बाईंनीच लावलेला आहे. त्याच्यावर सत्तर वर्षांची खरी धूळ. खोटी धूळ ठेवून खरी काढायची. यासाठी संवर्धकांच्या हातात मऊ कुंचले असतात, कमी ओढीचा व्हॅक्यूम असतो आणि त्याच्या तोंडाला जाळीचं कापड बांधलेलं असतं, म्हणजे सुटा चमचा किंवा चिठ्ठी आत जाणार नाही. रंगवलेल्या पृष्ठभागावरचा चिकट मळ काढायला काडीला कापूस गुंडाळून तो थुंकीने ओला करतात. ऐकून नाक मुरडू नका. थुंकीत पिष्टमय पदार्थ तोडणारी विकरं असतात, ती पाण्यापेक्षा जास्त मळ सोडवतात आणि रसायनांपेक्षा सौम्य असतात. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत ही रीत चालते. पण रक्ताच्या रंगवलेल्या शिंतोड्यांजवळ तोही कापूस न्यायचा नाही. 'थ्री-रूम ड्वेलिंग' या घरात पाळण्यामागच्या भिंतीवर शिंतोडे आहेत, त्यांची दिशा आणि उंची यांवर सगळी केस उभी आहे. एक ठिपका कमी झाला तरी उत्तर डळमळतं.

सगळ्यात नाजूक काम दिव्यांचं होतं. बाईंनी साधे, तारेचे बल्ब लावले होते. त्यांना दिलेल्या विजेचा फार थोडा भाग उजेड होतो, बाकी उष्णता. बंद पेटीत ती उष्णता रंगांना, मेणाला आणि कापडाला भाजत राहते. एलईडी लावणं गरजेचं होतं, पण एलईडीचा उजेड पांढरा आणि सपाट पडला तर १९४०च्या दशकातली संध्याकाळ ट्यूबलाइटखालच्या सरकारी कचेरीसारखी दिसली असती. आणि पुन्हा पंचनाम्याचा प्रश्न: दिवा कुठला चालू, कुठला बंद, खोलीत किती अंधार, साक्षीदाराला काय दिसलं असेल, हेही पुराव्यात धरलेलं आहे. गॅलरीचे प्रकाशयोजनाकार स्कॉट रोझेनफेल्ड यांनी जुन्या बल्बच्या पिवळसर उबेशी जुळणारे एलईडी बसवले. माझ्या मते अख्ख्या दुरुस्तीतली सगळ्यात मोठी करामत हीच, कारण ती करामत आहे हे बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

आता राजेशाही घरांकडे. विंडसर कॅसलमधलं राणी मेरीचं बाहुलीघर एडविन लट्यन्सने १९२१ ते १९२४मध्ये उभारलं, म्हणजे त्याच काळात ज्या काळात तो नवी दिल्ली बांधत होता. त्यात वीज आहे, नळाला पाणी आहे, चालणारी लिफ्ट आहे आणि तळघरातल्या इवल्या बाटल्यांत खरी वाइन आहे. दुरुस्तीच्या दृष्टीने त्याची गंमत ही, की तिथे सगळ्याची नोंद आहे. कोणी केलं, कुठे ठेवलं, हे कागदावर आहे. काही हललं तर परत कुठे ठेवायचं हा वाद होत नाही.

ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधल्या पेट्रोनेला ओर्टमानच्या घराला कागदी यादीऐवजी चित्राचा आधार आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस या श्रीमंत बाईने कासवाच्या पाठीचं आवरण असलेल्या कपाटात खोल्या मांडल्या आणि त्यांच्यावर कालव्याकाठच्या खऱ्या घराएवढा पैसा ओतला. १७१०च्या सुमाराला याकोब आपेल या चित्रकाराने त्या कपाटाचं हुबेहूब चित्र काढलं. चित्रात मेणाच्या बाहुल्या आहेत, कपाटात आज त्यांतल्या बहुतेक नाहीत. संग्रहालयाने नव्या बाहुल्या करून तिथे बसवल्या नाहीत आणि ते बरोबरच केलं. कपाटाशेजारी चित्र असलं की गेलेलं काय होतं ते कळतं, उरलेल्याची भेसळ होत नाही.

इंग्लंडमधल्या अपपार्कची गोष्ट थोडी कडू आहे. तिथल्या हवेलीत अठराव्या शतकातलं बाहुलीघर आहे. लेखक एच. जी. वेल्सची आई त्या हवेलीत कारभारीण होती, लहानपणी त्याने ते बघितलेलं होतं. ३० ऑगस्ट १९८९ रोजी छपराची दुरुस्ती संपत आलेली असताना कामगारांच्या ज्योतीनेच आग लागली आणि हवेलीचे वरचे मजले गेले. बाहुलीघर वाचलं. हवेली १९९५मध्ये परत उभी राहिली ती राखेतून वेचलेले तुकडे जुळवून. इवल्या घराने मोठ्या घराची दुरुस्ती पाहिली, असा उलटा योग.

आपल्याकडे भिंती असलेलं बाहुलीघर फारसं रुजलं नाही. आपली भातुकली ओसरीवर मांडायची आणि खेळ झाला की डब्यात भरायची. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात स्वयंपाकघरातल्या जुन्या वस्तू बघताना ज्यांची पावलं रेंगाळतात त्यांना इवल्या परातीचं वेड सांगावं लागत नाही. पण परात घासली की लख्ख होते. भिंतीला चिकटवलेला कागद घासता येत नाही. त्यामुळे परदेशात स्थायिक झालेली मराठी घरं गॅरेज सेलमधून जुनं बाहुलीघर आणतात, तेव्हा ते साफ करण्याची आपली सवय आड येते.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिने लेकीसाठी असंच एक घर आणलं. खालच्या खोलीत पाणी शिरलेलं, वॉलपेपरला फुगे आलेले, कोपऱ्यात तपकिरी ओघळ. तिने फोन केला तो वॉलपेपर ओढून काढायचं ठरवूनच. "ताई, सगळं खरवडून पांढरा रंग मारते, म्हणजे प्रश्नच नको." म्हटलं, थांब, कॅमेरा जवळ धर. फुग्याच्या कडेला कागद उचकटला होता आणि त्याखाली दुसरा, फुलाफुलांचा जुना कागद दिसत होता. दाराशेजारी बरोबर हाताच्या उंचीवर कोणीतरी पेन्सिलीने विजेचं बटण काढलं होतं. घरात दिवे नव्हते, म्हणून कोणा पोराने निदान बटणाची सोय केली होती.

तिला जे सांगितलं ते कोणालाही उपयोगी पडेल. आधी सगळ्या बाजूंनी फोटो, एकही वस्तू हलवण्यापूर्वी. सुटे तुकडे कितीही क्षुद्र वाटले तरी पाकिटात घालायचे आणि पाकिटावर खोलीचं नाव लिहायचं. घर उघडं ठेवून सावलीत वाळू द्यायचं, हेअर ड्रायर मारायचा नाही, त्याने पातळ लाकूड वाकतं. कागद पूर्ण वाळला की फुग्याला पात्याने बारीक चीर देऊन आत कुंचल्याने गव्हाची खळ सोडायची, वर स्वच्छ कागद ठेवून हलकं वजन ठेवायचं. आपल्या आज्या पतंगाला आणि पुस्तकाच्या पुठ्ठ्याला लावायच्या तीच खळ, फक्त चाळलेली आणि मोरचूद न घातलेली. संग्रहालयंही पिष्टाचीच खळ वापरतात, कारण पन्नास वर्षांनी कोणाला ती काढावीशी वाटली तर ओलाव्याने सुटते. लाकडाला लावायचा पांढरा गोंद एकदा सुकला की कागदाला सोडत नाही. सेलोटेप तर अजिबात नको, तिचा चिकटा पिवळा होऊन कागदात उतरतो.

फाटलेल्या जागी मागून पातळ जपानी कागद लावायचा. डाग दिसणार नाही असा रंग भरायचा मोह झाला तर फक्त उडालेल्या जागी, जलरंगाने, आणि आजूबाजूच्या छटेपेक्षा किंचित फिका. मूळ रंगावर कुंचला चढवायचा नाही.

काही गोष्टींत हळवेपणा चालत नाही. अमेरिकेत शिशाच्या रंगांवर १९७८मध्ये बंदी आली. त्याआधीचं घर असेल तर सँडपेपर मारायचाच नाही, ती भुकटी पोरांच्या पोटात जाते. शिशाच्या जुन्या बाहुल्या किंवा भांडी ओकच्या कपाटात ठेवली असतील आणि त्यांच्यावर पांढरी पूड दिसली, तर तीही पुसत बसू नये. ओकच्या लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शिसं असं गंजतं आणि ती पूड विषारी असते. वस्तू हातमोजे घालून वेगळ्या डब्यात ठेवायची आणि मुलांपासून दूर. प्लॅस्टिकचं फर्निचर असेल तर मऊ रबरी बाहुली त्याला टेकून ठेवायची नाही. मऊ प्लॅस्टिकमधलं तेलकट द्रव्य पाझरून कडक प्लॅस्टिक वितळवतं आणि खुर्चीवर बाहुलीची कायमची मोहर उठते. विजेच्या जुन्या तारांचं वेष्टण तडकलं असेल तर ती जोडणी बंदच ठेवायची. स्वीडनच्या लुंडबी घरांतल्यासारखे छोटे दिवे असले तरी आधी ट्रान्सफॉर्मर माहीतगाराला दाखवायचा.

कसर लागलेल्या लोकरी गालिच्यासाठी एक उपाय आहे. हवाबंद पिशवीत घालून तो फ्रीजरमध्ये किमान दोन आठवडे ठेवायचा, किडे आणि अंडी मरतात. पिशवी बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही, नाहीतर थंड लोकरीवर दव धरतं.

बहिणीने खालची खोली तशीच ठेवली. तपकिरी ओघळ आहे, बटण आहे, फुगे बसले आहेत. लेकीने मात्र वरची खोली गुलाबी हवी म्हणून हट्ट धरला. ताईंचं मत मागण्यात आलं. वरच्या खोलीचा कागद आधीच्या कोणी तरी खरवडून टाकला होता, उघडी प्लायवूडची भिंत होती. तिथे मी गुलाबी रंगाला हरकत घेतली नाही, फक्त रंग पाण्यात मिसळणारा असू दे म्हणून सांगितलं.